डोके दुखते, पण मनाचे काय?

अर्धशिशी ही आमच्या उपनगरांत घरोघरची गोष्ट. घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात आठवड्याला दोन-चार जणी तरी कपाळाला ओढणी आवळून येतात. ‘डॉक्टर, इंजेक्शन द्या, उद्या ऑफिस चुकवता येणार नाही.’ उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. आणि दोन खोल्यांच्या घरात नेमके हेच टळत नाही. बंगळूरच्या निम्हान्सच्या तज्ज्ञांनी कर्नाटकात घरोघर केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वर्षभरात अर्धशिशी झालेले लोक चारांत एक निघाले, त्यांत स्त्रिया अधिक.

या दुखण्याबरोबर दुसरे एक दुखणे पावले न वाजवता घरात शिरते. ते म्हणजे नैराश्य. अर्धशिशी असणाऱ्यांत ते इतरांपेक्षा सुमारे दुपटीने आढळते. उलट, आधी नैराश्य असेल तर पुढे अर्धशिशी जडण्याचा संभवही वाढतो. याचा अर्थ ‘दुखणे मनाचे आहे, डोक्यात काही नाही’ असा कृपा करून काढू नका. दोन्ही आजार खरे आहेत आणि दोन्हींवर उपचार आहेत.

म्हणून डोकेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला मी दोन प्रश्न विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटते का? घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला नोकरीला जाणाऱ्या एका बाईंना हे विचारले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘नऊ वर्षं गोळ्या घेतेय. हे कुणी विचारलंच नव्हतं.’

उत्तर ‘हो’ आले, की नऊ प्रश्नांची एक यादी असते. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण आले, तर नीट तपासणी हवी. पण झोप, थकवा, भूक यांचे गुण नुसत्या अर्धशिशीनेही वाढू शकतात. ही चाळणी आहे, निकाल नव्हे. मात्र जीव नकोसा होण्याबद्दलच्या नवव्या प्रश्नाला होकार आला, तर बेरजेची वाट पाहायची नाही.

औषध निवडतानाही हे कळावे लागते. अर्धशिशीसाठी सर्रास दिले जाणारे फ्लुनारिझिन नैराश्य असणाऱ्याला देऊ नये. अॅमिट्रिप्टिलिन दोन्हींवर चालते. पण डोकेदुखीपुरता त्याचा लहान डोस नैराश्याला बहुधा पुरत नाही. आपणहून गोळी सुरू वा बंद मात्र करू नका; डॉक्टरांना मनाची अवस्था सांगा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस किंवा अधिक घेतल्या, तर त्यांनीच डोके दुखू लागते. तेव्हा गोळ्यांचे दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मानसोपचाराची सोय विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात आहे. मुलुंडकरांना ठाण्याची, १९९० साली सुरू झालेली आयपीएच जवळ. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो.

आणि घरच्यांनी? बाम आणून द्याच. पण दोन मिनिटे शेजारी बसून ‘तुला बरं वाटतंय ना?’ हेही विचारा. आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.