स्पर्शाची प्रतिसृष्टी

श्रावणी अमावास्येस पोळा येतो. त्या दिवशी जळगाव-धुळ्याकडे मातीच्या बैलजोड्या पूजिल्या जातात. काळी माती भिजवून मळली, की बोटांच्या दाबाने ती हवी तशी वळते आणि बोट उचलले तरी त्याचा ठसा राहतो. रबराचा चेंडू मात्र दाबून सोडताच पुन्हा गोल होतो. चेंडूच्या या गुणास स्थितिस्थापकता म्हणतात. मातीच्या गुणास आकार्यता.

माती जवळ नसताना तिचा स्पर्श हातास घडविता येईल काय? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत टॉमस मॅसी व केनेथ सॅलिसबरी यांनी १९९३ च्या सुमारास 'फँटम' नावाचे यंत्र तयार केले. त्याच्या लहानशा भुजेच्या टोकाशी अंगुस्तान असते. त्यात बोट घालून हलविले, की संगणकाच्या पडद्यावरील खूणही हलते. ती खूण चित्रातील वस्तूत किती खोल शिरली हे संगणक मोजतो, वस्तूचा विरोध किती असावा याचे गणित करतो आणि भुजेच्या मोटारी तितक्याच जोराने बोट मागे रेटतात. चित्रपट अखंड भासण्यास सेकंदाला २४ चित्रे पुरतात; स्पर्शासाठी हे गणित सेकंदाला सुमारे १,००० वेळा करावे लागते. त्यात खंड पडला, तर कठीण वस्तूही थरथरती भासते.

चेंडूपेक्षा मातीचे गणित अवघड असते. दाब मर्यादेपलीकडे गेला, की तिचा आकार कायमचा बदलतो. खळगा पडला, की शेजारची माती उंचावते. हे सारे ध्यानात ठेवूनच संगणकास पुढील जोर ठरवावा लागतो.

हा खटाटोप केवळ करमणुकीसाठी नव्हे. शस्त्रक्रिया शिकणाऱ्याचा हात रुग्णाच्या देहास लागण्यापूर्वी अशा यंत्रावर तयार होऊ शकतो. मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक सुभाशिष चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरातन वस्तूंच्या संगणकीय प्रतिकृती हातास जाणवाव्यात यासाठी संशोधन केले आहे. वस्तुसंग्रहालयातील ज्या मूर्तीस हात लावण्याची मनाई असते, तिची घडण या मार्गाने अंध व्यक्तीसही उमगू शकेल.

तथापि असे यंत्र बहुधा एकाच बिंदूपाशी जोर देते. मातीचा गारवा, ओल आणि दहाही बोटांना बिलगणारा चिकटपणा त्यात येत नाही. शिवाय, यंत्रातील माती खरी वाटते की नाही, हे अखेर कोण सांगणार? ज्याने स्वतःच्या हातांनी माती मळली आहे, तोच.