परातीतील कण आणि खिशातील परवाना

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सुट्टीच्या दिवशी परात आणि लहान फावडे घेऊन ओढ्याकाठी बसलेली कुटुंबे आजही दिसतात. ती सोने शोधत असतात आणि त्या शोधाची अधिकृत परवानगी त्यांच्या खिशात असते. ‘मायनर्स राइट’ हे त्या कागदाचे नाव. अल्प शुल्क भरले की तो दहा वर्षे चालतो. त्याच्या आधारे सरकारी जमिनीवर हाताच्या अवजारांनी सोने शोधता येते आणि सापडलेले सोने शोधणाऱ्याच्याच मालकीचे होते. इतक्या मौल्यवान धातूच्या बाबतीत सरकारने एवढे औदार्य का दाखवावे, असा प्रश्न व्यापारी माणसाला सहज पडेल. त्याचे उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका अन्यायी आकारणीत आहे.

त्याआधी परातीचे तंत्र थोडक्यात पाहू. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड असते, साधी वाळू जेमतेम अडीचपट. नदीचा प्रवाह जेथे मंदावतो तेथे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूस, मोठ्या धोंड्यामागे किंवा तळाच्या खडकाच्या भेगांत, हा जड धातू साचतो. तेथील खडी परातीत घेऊन पाण्याखाली हलवली की सोने तळाशी जाते. मग परात किंचित कलती धरून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर वाहू द्यायची. शेवटी लोहयुक्त काळी वाळू उरते आणि दैव अनुकूल असेल तर तिच्या कडेला एक-दोन पिवळे कण. घाई करणाऱ्याचे सोने वाळूबरोबर वाहून जाते.

1851 मध्ये व्हिक्टोरियात सोने सापडले आणि जगभरातून माणसे लोटली. वसाहतीच्या सरकारने लगेच परवाना लागू केला. शुल्क होते दरमहा 30 शिलिंग. सोने सापडो वा न सापडो, ते भरावेच लागे. दुकानात एकही गिऱ्हाईक येण्याआधी नफ्यावरचा कर वसूल करावा, तसाच हा प्रकार होता. बॅलरॅट येथे तर सोने खोलवर असल्याने महिनोन्‌महिने खोदूनही हाती काही लागत नसे. शुल्क मात्र थांबत नसे. परवाना सतत अंगावर बाळगावा लागे. ओल्या, चिखलाच्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाने तो कागद सांभाळावा तरी कसा? पोलीस अचानक तपासणीस येत आणि कागद नसलेल्यास दंड करीत. 1854 मध्ये गव्हर्नर हॉथम यांनी या तपासण्या आठवड्यातून दोनदा करण्याचे फर्मान काढले तेव्हा संताप अनावर झाला.

29 नोव्हेंबर 1854 रोजी खाणकऱ्यांनी परवान्यांची होळी केली. पीटर लेलर यांच्या नेतृत्वाखाली युरेका येथे लाकडी तटबंदी उभी राहिली. 3 डिसेंबरच्या पहाटे सैन्याने तिच्यावर हल्ला केला. अर्ध्या तासाच्या आत सारे आटोपले, पण वीसहून अधिक खाणकऱ्यांचे आणि काही सैनिकांचे प्राण गेले. लेलर यांना डावा हात गमवावा लागला. राजद्रोहाच्या आरोपाखाली तेरा जणांवर खटले चालले आणि ज्यूरीने सर्वांना निर्दोष सोडले.

चौकशी आयोगाने नंतर जो तोडगा सुचवला, त्याचे अर्थशास्त्र आजही पाहण्यासारखे आहे. मासिक शुल्क रद्द झाले. निर्यात होणाऱ्या सोन्यावर औंसामागे अडीच शिलिंग जकात बसली आणि वर्षाला एक पौंड भरून ‘मायनर्स राइट’ मिळू लागला. कराचा भार कष्टांवरून उचलून उत्पन्नावर ठेवला गेला. त्या एका पौंडात आपल्या खोदकामाच्या जागेवर कायदेशीर हक्क आणि मतदानाचा अधिकारही मिळे. लेलर 1855 मध्येच विधिमंडळात निवडून गेले आणि पुढे सभापती झाले.

हा न्याय सर्वांच्या वाट्याला मात्र आला नाही. त्याच 1855 साली व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवण्यात आला. तो टाळण्यासाठी हजारो चिनी शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरले आणि तेथून चारशेहून अधिक किलोमीटर पायी चालत सोन्याच्या मुलुखात पोहोचले. आणि ज्या वादावरंग लोकांची ही भूमी होती, त्यांना तर कोणी विचारलेही नव्हते.

आजचा परवाना त्याच कागदाचा वंशज आहे. मताचा अधिकार आता त्याच्याशी निगडित नाही, पण अटी स्पष्ट आहेत. खासगी जमिनीवर मालकाची संमती हवी. बहुतेक राष्ट्रीय उद्याने आणि काही नद्या वर्ज्य आहेत. यंत्रे चालत नाहीत, खणलेला खड्डा बुजवावा लागतो आणि मूळ रहिवाशांच्या वारसास्थळांना धक्का लावता येत नाही. मुलाबाळांकडे मेलबर्नला जाणाऱ्या आपल्याकडील ज्येष्ठांनी हौस करायची असेल, तर आधी हा परवाना घ्यावा आणि जागेचा नकाशा तपासावा. सापडलेले सोने भारतात आणताना सीमाशुल्काचे नियम लागू होतात, हेही ध्यानी असू द्यावे.

भारतात असा स्वस्त हौशी परवाना नाही. खाण व खनिज कायदा, 1957 अन्वये अनुमतीवाचून सोन्याचा शोध किंवा उत्खनन करता येत नाही आणि उल्लंघनास कारावासाची तरतूद आहे. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी वाळू धुणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या दृष्टीने परातीतला कण म्हणजे संध्याकाळचे धान्य.

परवान्याच्या खटाटोपात पडायचे नसेल तर बॅलरॅटच्या ‘सॉव्हरिन हिल’ या वस्तुसंग्रहालयाचा मार्ग सोपा. तेथे सुवर्णयुगातील वस्ती जशीच्या तशी उभारली आहे आणि तिच्या ओढ्यात, पाहुण्यांची निराशा होऊ नये म्हणून, सोन्याचे बारीक कण मुद्दाम टाकलेले असतात. तिकीट काढून आत गेलेली मुले तासन्‌तास परात हलवीत बसतात.