यार्डातल्या रांगेचं गणित

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीसाठी ही बंदी. नौका दुरुस्त करणाऱ्या यार्डांचा मात्र हाच भर हंगाम. नाखव्याचं म्हणणं एकच, १ ऑगस्टला नौका पाण्यात हवी. सुतार हातखंडा असतात, लाकूडही वेळेत येतं, तरी नौका उतरत नाही. याचं कारण बहुतेकदा कामात नसतं, रांगेत असतं.

खाडीकाठचं यार्ड म्हणजे पाण्याकडे उतरत गेलेली जागा. ओंडक्यांवरून किंवा रुळांवरच्या ट्रॉलीवरून विंचने नौका वर ओढतात. पहिली आलेली सगळ्यात आत जाते, शेवटची पाण्यालगत राहते. पाण्यालगतची हलल्याशिवाय आतलीला वाट नाही. मधल्या एखाद्या नौकेचं इंजिन सुट्या भागासाठी अडलं किंवा तिच्या मालकाचे पैसे थकले, की तिच्यामागच्या तयार नौकाही कोंडतात. म्हणून दोर बांधण्याआधीच विचारायला हवं : काम काय आहे आणि उतरायचं कधी? फळ्या बदलायच्या नौका आत, नुसता रंग लावायच्या बाहेर. जुन्या ओळखीच्या नाखव्याला जागा नाकारणं जड जातं, पण त्या एका भिडेपायी चार घरांचा हंगाम लांबतो.

दुसरं वेळापत्रक समुद्राचं. जड नौका वर घ्यायला किंवा उतरवायला उधाणाची भरती लागते. भांगाच्या भरतीला पाणी तेवढं चढत नाही. उधाण येतं अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे बंदीच्या काळात जेमतेम चार-पाच वेळा. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करण्याची जुनी रीत अजून उपयोगी पडते : द्वितीयेला साधारण दीड वाजता पूर्ण भरती. त्या दुपारी विंच बिघडला, तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा गेला. विंचची तार आणि ब्रेक आदल्या दिवशीच तपासले पाहिजेत.

लाकडी नौकेचं सगळ्यात नाजूक काम सांध्यांचं. दोन फळ्यांमधल्या फटीतला जुना कापूस उकरून काढतात. मग नव्या सुताची वळी फटीवर ठेवून बोथट पटाशी आणि लाकडी हातोड्याने ती आत ठोकत न्यायची. सूत सैल असेतो आवाज पोकळ येतो, घट्ट बसलं की टणक. जाणता कारागीर नजरेपेक्षा कानावर विसंबतो. फार जोर लावला तर फळीची कड दबते, कमी लावला तर पाणी येतं. वरून लुकण भरतात. हे काम घाईत उरकायला लावणं मला यार्डाचा सगळ्यात मोठा दोष वाटतो. फायबरच्या नौकांचा त्रास वेगळा : ओल्या पृष्ठभागावर रेझिन नीट धरत नाही, म्हणून पावसात ताडपत्रीखाली जागा पूर्ण कोरडी करूनच थर चढवावे लागतात.

खर्चाचे वाद इथूनच सुरू होतात. रंगाखाली फळी किती पोखरली आहे, ते ती उघडल्याशिवाय कळत नाही. लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा खरं तर शिंपल्यांच्या कुळातला. बाहेर टाचणीएवढं भोक, आत मात्र बोगदेच बोगदे. पहिला आकडा म्हणूनच अंदाज असतो. फळी उघडल्यावर नाखव्याला समोर उभं करून दाखवायचं, जादा फळीचा दर आधीच लिहून ठेवायचा आणि त्याने होकार दिल्यावरच पुढे जायचं. पैसे तीन टप्प्यांत घेतले तर सुतारांची मजुरीही थकत नाही. मजुरी थकली की कसबी सुतार दुसऱ्या यार्डात जातो, आणि ऐन जुलैत त्याच्या तोडीचा माणूस मिळत नाही.

हंगाम हुकलेली नौका नुसती उभी राहत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड आकसतं, सांधे उघडतात आणि बसवलेलं सूत सैल होतं. उशिराचा खर्च असा दुहेरी पडतो.

उतरवल्यावरही काम संपत नाही. कोरड्या फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत पहिले एक-दोन दिवस थोडा पाझर राहतो. तेवढा वेळ नौकेवर पंप आणि जागता माणूस हवाच. पाझर थांबल्याचं नाखवा आणि यार्डवाला दोघांनी मिळून पाहिल्यावर शेवटचा हप्ता चुकता करावा.