‘घोडे रास ५’ म्हणजे किती? फारसीतील मोजणीचे साधे नियम

जुन्या मोडी यादीत ‘घोडे रास ५’ अशी नोंद आढळली, की आजचा वाचक थबकतो. मराठीत रास म्हणजे ढीग. मग घोड्यांची रास कशी? याचे उत्तर फारसी व्याकरणात आहे. मूळ अरबी असलेल्या या शब्दाचा अर्थ ‘डोके’ असा असून फारसीत तो जनावरे मोजताना वापरतात. म्हणजे घोडे पाचच.

फारसीतील मोजणीचा पहिला नियम असा, की संख्येनंतर नाम एकवचनीच राहते. मराठीत एक खुर्ची, दोन खुर्च्या. फारसीत मात्र ‘यक संदली’, ‘दो संदली’.

दुसरा नियम मोजशब्दांचा. संख्या आणि वस्तू यांच्यामध्ये बहुधा एक शब्द येतो. बोलण्यात ‘ता’ पुरेसा असतो: ‘से ता सीब’ म्हणजे तीन सफरचंदे. एक या संख्येबरोबर मात्र ‘ता’ येत नाही. औपचारिक लेखनात वस्तूनुसार शब्द बदलतो. माणसांसाठी ‘नफर’, पुस्तकांसाठी ‘जेल्द’, मोटारी व यंत्रांसाठी ‘दस्तगाह’, तर सुट्या वस्तूंसाठी ‘अदद’.

यांपैकी काही शब्द मराठीत आले, पण अर्थ बदलून. ‘नफर’ आपल्याकडे नोकर झाला आणि ‘जिल्द’ पुस्तकाची बांधणी. कागदाचा ‘दस्ता’ मात्र मोजमापाचाच राहिला. मोजशब्दाची गरज आजही संपलेली नाही. मराठी बिलावर ‘नग’ असतो, तर बडोद्याजवळच्या नंदेसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत गुजराती व्यवहारातला ‘नंग’ तेच काम करतो.

याच बडोद्यात 1894 मध्ये जन्मलेले माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन, फारसीचे प्राध्यापक होते. त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. जुने मराठी कागद वाचणाऱ्यांना तो आजही उपयोगी पडतो.

गोमंतकीयांसाठीही हा विषय परका नाही. 1675 मध्ये शिवाजी महाराजांनी जिंकून घेईपर्यंत फोंडा आदिलशाहीत होता आणि त्या राजवटीच्या दरबारी कारभारात फारसी चालत असे. त्या काळचे कागद वाचताना आकड्याशेजारी अनोळखी शब्द दिसल्यास तो वस्तूचे नाव आहे की मोजशब्द, हे आधी ठरवावे. नाहीतर पाच नफर म्हणजे पाच माणसे, की पाच नोकर, याचा घोळ होतो आणि इतिहासाचा अर्थच बदलतो.