बांधावरचा नाकतोडा आणि बावखलातला मरळ



भाद्रपदात भात पोटरीला आलं की बांधावरून चालताना पायापुढे नाकतोडे उडतात. त्यातला एखादा वाऱ्याने भरकटतो आणि शेजारच्या बावखलात किंवा ओहोळात पडतो. तो चार वेळा पाय झाडतो, तेवढ्यात खालून ‘गपकन’ आवाज येतो आणि नाकतोडा नाहीसा होतो. तो मरळाचा घास. आपल्या भाताची कीड म्हणजे मरळाचं खाणं. याचा उपयोग करून गळ कसा बांधावा आणि कधी टाकावा, ते या पत्रकात सांगत आहोत.

ही युक्ती मूळची ट्राउट माशाची. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत हा मासा आणून सोडला. हिमाचल आणि निलगिरीच्या थंड पाण्यातही तो आहे. दोरा आणि पिसं गळावर बांधून बनावट किडा करायचा आणि ट्राउटला फसवायचं, अशी ती रीत. त्या किड्याला ‘माशी’ म्हणतात. नाकतोड्याच्या आकाराचीही माशी असते. वसईचं कोमट पाणी ट्राउटला सोसणार नाही, पण आपला मरळ वर येऊन हवा घेणारा मासा आहे. पाण्यावर पडलेलं भक्ष्य तो सोडत नाही. म्हणून ही माशी आपल्याकडेही चालते.

माशी कशी बांधावी

साहित्य घरचंच आहे : लांब दांड्याचा मजबूत गळ, जुन्या रबरी चपलेचा तळ, शिवणाचा पक्का दोरा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, कोंबडीचं एक तपकिरी पीस, थोडं नखपॉलिश आणि जाड तंगूस.

१. चपलेच्या तळातून बोटाच्या दोन पेरांएवढी लांब आणि पेन्सिलीएवढी जाड पट्टी कापा. ही पट्टी माशीला तरंगत ठेवते.

२. गळाच्या दांड्यावर आधी दोरा गुंडाळा, म्हणजे पट्टी फिरणार नाही. पट्टी दांड्याच्या पाठीवर ठेवून तीन-चार ठिकाणी आवळा. टोक आणि दांडा यांमधली फट मोकळी राहिली पाहिजे. ती बुजली तर मासा लागत नाही. नवशिक्याची चूक बहुतेक इथेच होते.

३. ट्यूबच्या दोन बारीक पट्ट्या घ्या. प्रत्येकीच्या मध्यावर एक गाठ मारा. हा झाला नाकतोड्याचा गुडघा. दोन्ही बाजूंना एकेक पाय बांधा.

४. पीस पाठीवर आडवं निजवून पंखासारखं बांधा. सगळ्या गाठींना नखपॉलिश लावून रात्रभर वाळू द्या.

५. बावखलात शेवाळ आणि कमळाची पानं असतात. म्हणून तंगुसाची एक कमान गळाच्या वाकापासून डोळ्यापर्यंत टोकाच्या पुढून बांधा. त्यामुळे गळ पानात अडकत नाही, पण माशाच्या तोंडात कमान दबते.

तयार माशी घमेल्यातल्या पाण्यात टाकून पाहा. ती पोटावर तरंगली पाहिजे. रंगाची फार चिंता नको. मासा खालून उजेडाकडे बघतो, त्याला रंगापेक्षा आकारच आधी दिसतो.

गळ कसा टाकावा

दहा-बारा फुटांची बांबूची काठी आणि तेवढंच लांब तंगूस पुरे. सकाळी दव असताना नाकतोडा सुस्त असतो. ऊन चढलं आणि वारा सुटला की तो उडतो, म्हणून वेळ दुपारची. वारा ज्या बांधावरून पाण्याकडे वाहतो, त्या काठाला जा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. माशी पानांच्या कडेला टपकन पडू द्या. पाण्यावरचं वलय विरेपर्यंत हात हलवू नका. मग हलकासा झटका द्या, पुन्हा थांबा. मरळाने घेतली की लगेच ओढू नका. मनात ‘एक, दोन’ म्हणा आणि मग काठी उचला. त्याचे दात धारदार असतात, गळ काढताना फडकं वापरा. तलावाचा ठेका सोसायटीकडे असेल, तर आधी विचारून घ्या.

कधी टाकू नये

पावसाळ्यात मरळाची वीण होते. पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका एकदम वर येताना दिसला, तर त्यांचे आईबाप खालीच राखण करत असतात. अशा वेळी मरळ भुकेने नव्हे, रागाने माशीवर धावतो. त्यामुळे तो सहज लागतो. पण राखणदार गेला की पिल्लं इतर मासे खाऊन टाकतात. एका कालवणासाठी पुढल्या वर्षीचं बावखल रिकामं होतं. तिथे गळ टाकू नका. पोरांनाही हे दाखवून ठेवा.

दुसरी गोष्ट विषाची. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात विष कालवून मासे मारायला मनाई केली. पण बांधावर मारलेलं औषधही पावसाबरोबर पाण्यातच उतरतं. एके काळी नाकतोड्यासाठी बीएचसी भुकटी धुरळत. तिच्यावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. माशांना अत्यंत घातक असलेल्या एन्डोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. फवारलेल्या शेतालगतचा मासा लगेच खाऊ नका.

मग नाकतोड्याचं करायचं काय? भातावरच्या नाकतोड्याची मादी पावसाळा सरताना बांधाच्या मातीत दोन-तीन इंच खोल अंडी घालते. ती हिवाळा-उन्हाळा तशीच राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. वर्षाला एकच पिढी. म्हणून उन्हाळ्यात बांध छाटून माती उलटी करा. अंडी उन्हाने वाळतील, उरलेली साळुंक्या आणि बगळे टिपतील.

त्यातूनही काही नाकतोडे वाचतील आणि पाण्यात पडतील. ते मरळाला राहू द्या.