ओढ्यातील मासळीची हंगामी पाहणी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे घेतली की दाट वस्ती, कारखाने व रेल्वेचे रूळ डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु याच उपनगरांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे १०३ चौरस किलोमीटरांचा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. त्यावर पडणारे पावसाचे पाणी अनेक ओढ्यांनी खाली उतरते. १८७९ साली बांधलेल्या तुळशी तलावाचे ओसंडलेले पाणी दहिसर नदीने मनोरीच्या खाडीस मिळते. पोईसर व ओशिवरा या नद्या मालाडच्या खाडीकडे वाहतात. विहार (१८६०) व पवई या तलावांच्या सांडव्यांचे पाणी मिठी नदीतून माहीमच्या खाडीस जाते, तर मुलुंड-भांडुपच्या बाजूचे ओहोळ पूर्वेस ठाण्याच्या खाडीकडे वळतात. या प्रवाहांच्या वरच्या भागात, जेथे पाणी अद्याप स्वच्छ आहे, तेथे निरनिराळ्या जातींची मासळी राहते. ती किती आहे, कोठे आहे व कशामुळे टिकून आहे, हे जाणण्याचा मार्ग म्हणजे हंगामवार पाहणी. येथे दिलेली रीत ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील ओढ्यांनाही तशीच लागू पडते.

ओढ्याचे वर्ष

आषाढात दुथडी वाहणारा ओढा आणि वैशाखातील तोच ओढा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सर्वसाधारणपणे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. डोंगर काळ्या कातळाचे, उतार तीव्र व मातीचा थर पातळ असल्यामुळे पाणी फार काळ जिरून राहत नाही. दिवाळीनंतर धार बारीक होते, होळीनंतर ती खंडित होते व एप्रिल-मे महिन्यांत काही मोजके डोह तेवढे शिल्लक राहतात. पावसाळ्यात मैलभर पसरलेली मासळी अशा वेळी या थोड्या डोहांत कोंडली जाते.

मृगाच्या पहिल्या जोरदार सरी पडून ओढा जोडला गेला की हीच मासळी अंगात अंडी घेऊन प्रवाहाविरुद्ध चढू लागते. ओहोळ, नाले व भातखाचरे यांच्या उथळ पाण्यात ती अंडी घालते. ठाणे व रायगड भागांत या चढाईला वलगण म्हणतात, तर दक्षिण कोकणात हे चढणीचे मासे म्हणून ओळखले जातात. वलगणीला येणारे मासे कोठून येतात, याचा विचार सहसा केला जात नाही. वरच्या ओढ्यांतील चढाई प्रामुख्याने उन्हाळ्यातील डोहांत तगलेल्या माशांचीच असते. वैशाखातील डोह म्हणजे ओढ्याची बियाण्याची कणगी होय. कोणताही शहाणा शेतकरी कणगीतील बियाणे पेरणीपूर्वी खाऊन संपवीत नाही. डोहाच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे.

यावरून हे ध्यानात येईल की वर्षातून एकदाच केलेली पाहणी दिशाभूल करते. केवळ भाद्रपदात पाहणी केल्यास ओढा समृद्ध भासेल आणि केवळ वैशाखात केल्यास तो मृतवत् वाटेल.

पाहणी केव्हा करावी

पहिली पाहणी एप्रिलअखेर ते मेअखेर करावी. हीच सर्वांत महत्त्वाची होय. ओढ्याच्या काठाने चालत जाऊन प्रत्येक डोहाची जागा नकाशावर टिपावी, त्याची लांबी, रुंदी व खोली मोजावी आणि काठाला सावली आहे किंवा कसे, हे लिहून ठेवावे.

दुसरी पाहणी पहिला पाऊस स्थिर झाल्यावर, जूनच्या मध्यापासून दोन-तीन आठवडे करावी. या वेळी पाण्यात उतरू नये व जाळे टाकू नये. मासे कोठपर्यंत चढतात व कोणत्या बंधाऱ्यापाशी, नळमोरीपाशी किंवा भिंतीपाशी अडतात, एवढेच काठावरून पाहावे.

तिसरी पाहणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाणी निवळल्यावर करावी. त्या वेळी नवीन पिलांची संख्या कळते आणि त्या वर्षीची वीण यशस्वी झाली की नाही, हे ठरविता येते.

निवासस्थानाची मोजणी

शंभर मीटर लांबीचा एक टप्पा निवडून त्याच्या दोन्ही टोकांस कायमच्या खुणा कराव्यात, म्हणजे दरवर्षी तोच टप्पा मोजता येईल. दर दहा मीटरांवर पात्राची रुंदी घ्यावी व डाव्या काठाशी, मध्यभागी आणि उजव्या काठाशी खोली मोजावी. तळ कातळाचा, धोंड्यांचा, गोट्यांचा, वाळूचा की गाळाचा आहे, याची नोंद करावी. गोट्यांमधील फटी गाळाने बुजल्या असल्यास ती विशेष नोंद समजावी, कारण लहान मासे व त्यांचे भक्ष्य असलेले पाणकिडे या फटींतच राहतात. पाण्याची उष्णता सकाळी व दुपारी अशी दोनदा पाहावी.

प्रवाह मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. दहा मीटर सरळ अंतर मोजून वरच्या टोकास एक लिंबू सोडावे व त्यास खाली येण्यास किती सेकंद लागले, ते घड्याळात पाहावे. समजा, पात्राची रुंदी २ मीटर, सरासरी खोली ०.२० मीटर असून लिंबास २५ सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदास ०.४० मीटर झाला. या तिन्हींचा गुणाकार ०.१६ येतो. तळाशी व काठाशी पाणी मंद वाहत असल्यामुळे त्यास ०.८ ने गुणावे. उत्तर ०.१२८ घनमीटर, म्हणजे सेकंदास १२८ लीटर, असे येते.

शक्य असल्यास पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाणही तपासून घ्यावे. लीटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्राणवायू असल्यास बहुतेक मासे सुखाने राहतात. ते २ मिलिग्रॅमांच्या खाली गेल्यास बऱ्याच जाती तगत नाहीत. डोहातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून तपासणी उजाडताच करावी.

मासळीची गणना

ओढ्यातील प्रत्येक मासा पकडणे शक्य नाही व त्याची आवश्यकताही नाही. टप्प्याच्या दोन्ही टोकांस बारीक आसाची जाळी आडवी लावून मासळीची ये-जा बंद करावी. नंतर तेवढ्याच माणसांनी, त्याच जाळ्याने व तेवढाच वेळ दोन खेपा माराव्यात. पहिल्या खेपेचे मासे परत न सोडता पाण्याच्या टोपलीत सावलीत ठेवावेत. समजा, पहिल्या खेपेस ६० व दुसऱ्या खेपेस २० मासे मिळाले. पहिल्या संख्येचा वर्ग ३,६०० होतो. त्यास दोन्ही खेपांतील फरकाने, म्हणजे ४० ने भागले असता ९० हा एकूण संख्येचा अंदाज मिळतो. दुसऱ्या खेपेस पहिलीइतके किंवा त्याहून अधिक मासे आल्यास हा हिशेब लागू पडत नाही. अशा वेळी तिसरी खेप मारावी.

मोठ्या डोहात खुणेची रीत सोयीची पडते. ती डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाते. समजा, ४० माशांच्या शेपटीचा किंचित कोपरा कातरून ते सोडून दिले. दोन दिवसांनी ५० मासे पकडले व त्यांत खुणेचे २० निघाले. तर ४० गुणिले ५० भागिले २०, म्हणजे डोहात सुमारे १०० मासे आहेत, असे धरावे.

जाळ्याचा आस बारीक असावा. दोन-तीन सेंटिमीटरांचे मासेही पाहणीत मोलाचे असतात. मुंबईच्या परिसरातील खाडीलगतच्या पाण्यात राहणाऱ्या अशाच एका चिमुकल्या माशाचे वर्णन डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९४० साली प्रथम प्रसिद्ध केले व त्यास होराइक्थिस सेटनाय हे नाव दिले. मोठ्या आसाच्या जाळ्यात तो कधीच सापडला नसता.

माशांची नावे गावात चालतात तशीच लिहावीत. कर्नल साईक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या माशांचे वर्णन करताना मराठी नावेच शास्त्रीय नावांत घेतली. गारा मुल्या या नावातील मुल्या म्हणजे येथील मळ्या मासा होय. ओळख न पटलेल्या जातीचा नमुना मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांस किंवा वर्सोवा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील तज्ज्ञांस दाखवावा. मोजणी होताच सर्व मासे त्याच जागी पाण्यात सोडावेत.

मासे काय सांगतात

मळ्या मासा हनुवटीखालील चकतीने खडकास चिकटतो व त्यावरील शेवाळ खरवडून खातो. तो आढळल्यास पाणी वाहते असून खडक गाळाने झाकले गेलेले नाहीत, असे समजावे. याउलट मरळ व मांगूर हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायूही घेऊ शकतात. इतर जाती नाहीशा होऊन केवळ हेच उरले असतील, तर पाणी बिघडले असल्याचा तो इशारा होय.

डोक्यावर चकाकणारा पांढरा ठिपका असलेला एक लहान देशी मासा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो व डासांच्या अळ्या खातो. तो असेल तेथे गप्पी मासे आणून सोडू नयेत. भारतात १९५२ साली आणलेली तिलापी तसेच संवर्धनास बंदी असलेला परदेशी मांगूर हे ओढ्यात आढळल्यास त्यांची स्वतंत्र नोंद करावी.

परवानगी व सावधगिरी

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासे पकडण्यास मनाई आहे. पाहणीसाठीही वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वनखात्याची परवानगी आधी घेतली पाहिजे. या रानात बिबट्यांचा वावर असल्याने पहाटेची तपासणी वनरक्षकाच्या सोबतीनेच करावी व कोणीही एकट्याने पाण्यावर जाऊ नये. डोंगरात पाऊस पडत असताना पात्रात थांबू नये, कारण लोंढा क्षणार्धात येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मिठीकाठच्या वस्त्या बुडाल्या, हे विसरता येणार नाही. पायास जखम असल्यास पाण्यात उतरणे टाळावे. त्यामुळे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पाण्यात उतरल्यानंतर ताप आल्यास विलंब न करता दवाखाना गाठावा.

पाहणीनंतरचे कर्तव्य

वहीत आकडे लिहून ठेवले की काम संपले, असे होत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पाहणीत आढळलेले डोह ग्रामसभेपुढे मांडावेत व त्यांतील सर्वांत खोल डोह राखीव ठेवण्याचा ठराव करून घ्यावा. राखीव डोहातून पंपाने तळापर्यंत पाणी उपसू नये. सुरुंग, विषारी पाला किंवा कीटकनाशक घालून मासे मारण्याची रीत संपूर्णपणे सोडून द्यावी. अशाने मोठ्या माशांबरोबर पिले, अंडी व पाणकिडेही नष्ट होतात आणि ते पाणी जनावरांनाही अपायकारक ठरते. फवारणीचे पंप ओढ्यावर धुऊ नयेत. काठावरील उंबर, करंज व जांभूळ तोडू नयेत. त्यांच्या सावलीनेच उन्हाळ्यात डोह थंड राहतो.

हिवाळ्यात घातलेले वनराई बंधारे मेअखेर, पाऊस येण्यापूर्वी, उघडून द्यावेत, म्हणजे वलगणीची वाट अडणार नाही. जेथे पक्का बंधारा आहे, तेथे एका बाजूस दगडांचा पायऱ्यापायऱ्यांचा उतार रचल्यास मासे चढू शकतात. वलगणीच्या मासळीचा आस्वाद घेण्याची चाल जुनी आहे व ती एकाएकी सुटणारी नाही. परंतु ओढ्याच्या संपूर्ण रुंदीस आडवे जाळे लावणे टाळावे आणि पहिल्या चढाईतील मासे सोडून द्यावेत, एवढे प्रत्येक गावाने ठरविले तरी ऑक्टोबरच्या पाहणीत त्याचा परिणाम दिसून येईल.

एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण पाऊसमान दरवर्षी सारखे नसते. तोच टप्पा, तेच महिने व तीच रीत ठेवून पाच वर्षे नोंदी केल्यास ओढा सुधारत आहे की खालावत आहे, हे गावास स्वतःच्या वहीवरून कळेल. ज्या वर्षी वैशाखातील डोहांची संख्या कमी भरेल, त्या वर्षी येत्या वलगणीला हात आखडता घ्यावा, हा त्या वहीचा पहिला उपयोग होय.