मरायला नकार देणाऱ्या पेशी

कागल पंचतारांकित एमआयडीसीत रंगकाम करणारा वस्तीतला एक भाऊ. चार महिने थकवा, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्याच चालू होत्या. शेवटी साधी सीबीसी झाली, मग पुढच्या तपासण्या, आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. त्याच्या बायकोनं मला विचारलं, "ताई, पेशी मारायची गोळी सांगितलीय. म्हणजे ह्यांच्याच पेशी मारणार?"

प्रश्न रास्त होता. आपल्या अंगात रोज अब्जावधी पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. गर्भातल्या बाळाची बोटं आधी पडद्यानं जोडलेली असतात; मधल्या पेशी मरतात तेव्हा ती सुटी होतात. हे मरण रोखणारं एक प्रथिन आहे, बीसीएल-२.

ते मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरावर बसतं. पेशी बिघडली की बॅक्स आणि बाक ही प्रथिनं तिथं भोकं पाडतात, आतलं सायटोक्रोम-सी बाहेर गळतं आणि पेशी स्वतःलाच मोडून टाकते. बीसीएल-२ हे होऊ देत नाही. पेशीत कॅल्शियम साठवणारी एक जाळी असते, तिथंही ते बसून कॅल्शियमला लगाम घालतं. चांगल्या पेशीला हे संरक्षण लागतंच. पण कॅन्सरची पेशीही त्याच्याच आड लपते. हे प्रथिन पेशी वाढवत नाही, तिला मरू देत नाही, हे १९८८ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं.

व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी बीसीएल-२ला अडवते, की अडलेलं मरण पुढं सरकतं. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये पहिली मंजुरी मिळाली. एएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये जोरदार केमो न पेलणाऱ्यांना ती अझासिटिडिनसोबत देतात. डोस पायरीपायरीनं चढवतात, कारण एकदम खूप पेशी फुटल्या तर रक्तात पोटॅशियम आणि युरिक ॲसिड वाढून किडनी, हृदय धोक्यात येतं. पांढऱ्या पेशीही उतरतात. म्हणून ताप आला तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. ही गोळी त्यात बसते का, ते आरोग्यमित्राला आधीच विचारा.

आणि भावांनो, शिफ्ट सुटल्यावर पेट्रोलनं हात धुणं सोडा. त्यात बेन्झीन असतं, आणि बेन्झीननं एएमएल होतो हे सिद्ध झालेलं आहे. साबण आणि खोबरेल तेलानंही रंग निघतो, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात.